नोकरीचं इंग्रजी पत्र आलं? आधी क्रियापद शोधा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे नोकरीसाठी एकच क्रियापद पुरतं. "पोऱ्या लागना" (मुलगा नोकरीला लागला) म्हटलं की गल्लीत पेढे फिरतात. कुणी घेतलं, किती दिवसांसाठी घेतलं, पगार कुणाच्या खात्यातून येणार, हे विचारायचं पेढ्यांच्या गडबडीत राहून जातं. हातातलं पत्र मात्र इंग्रजीत असतं. तिथे आपल्या एका ‘लागणे’च्या जागी रजिस्टर, एन्रोल, शॉर्टलिस्ट, सिलेक्ट, एंगेज, हायर, अपॉइंट, डेप्लॉय अशी रांग उभी असते. यातल्या काही क्रियापदांनी नोकरी मिळते, काहींनी नुसतं नाव नोंदलं जातं, आणि काहींनी काम मिळतं पण मालक दुसराच असतो.

मराठी माध्यमात किंवा आश्रमशाळेत शिकून घरात पहिल्यांदाच इंग्रजी जाहिरात उघडून बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. व्याकरण लागेल तेवढंच घेऊ. सवय एकच लावायची: वाक्यातलं क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता शोधा, आणि मग आपल्या हातात काय आलं ते ठरवा.

पहिलं पाऊल: शेतातली नाती आठवा

आपल्या शेतीत माणूस कामाला लावण्याच्या वेगवेगळ्या रीती आहेत आणि त्या कुणाला शिकवाव्या लागत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार ठरतो, तो वर्षभराचा. कापूस वेचायला, केळीचे घड वाहायला रोजंदार लागतो. संध्याकाळी मजुरी दिली की हिशेब संपला. निंदणी उक्ती दिली की काम पुरं होण्याशी मतलब, माणसं किती आणायची ते घेणारा ठरवतो. आणि नंदुरबार-धुळ्याकडून गुजरातच्या साखर कारखान्यांवर जाणारा कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, मुकादमाच्या उचलीवर (आगाऊ रकमेवर) उठतो. कारखानदाराचं तोंडही मजुराने पाहिलेलं नसतं.

याच नात्यांवर इंग्रजी शब्द बसवून बघा. कामापुरता माणूस घेणं म्हणजे हायर. ट्रॅक्टर भाड्याने घेतला तरी इंग्रजीत हेच क्रियापद लागतं, यावरून त्याचा कल कळतो. एम्प्लॉय म्हणजे पदरी ठेवणं. त्यात नातं चालू असल्याचा अर्थ आहे, म्हणून ‘शी इज एम्प्लॉइड ॲट अ बँक’ म्हणतात. विशिष्ट कामासाठी बांधून घेणं म्हणजे एंगेज किंवा कॉन्ट्रॅक्ट, ते उक्त्याच्या जवळ जातं. माणसं हुडकून, जमवून आणणं म्हणजे रिक्रूट, म्हणजे मुकादमाचं काम. रिक्रूट करणारा आणि पगार देणारा एकच असेल असं मुळीच नाही, आणि पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच सुरू होतात.

अमेरिकेकडच्या इंग्रजीत हायर हे पक्क्या नोकरीलाही सर्रास वापरतात. त्यामुळे एखाद्या आयटी कंपनीने ‘यू आर हायर्ड’ म्हटलं तर ती नोकरी कच्ची आहे असा अर्थ काढू नका. जुन्या वळणाच्या सरकारी कागदात मात्र हायर फार करून गाडीसाठी किंवा ठेकेदाराच्या मजुरासाठी येतं.

दुसरं पाऊल: जाहिरातीत कर्ता कोण ते बघा

सरकारी जाहिरातीची सुरुवात बहुधा ‘ॲप्लिकेशन्स आर इन्व्हाइटेड’ अशी असते. अर्ज मागवले आहेत, एवढाच अर्थ. खाली संस्थेचं नाव, जाहिरात क्रमांक, पदसंख्या आणि वेतनस्तर असतो. वेतनस्तराच्या जागी ‘कन्सॉलिडेटेड’ किंवा ‘ऑनरेरियम’ असा शब्द दिसला, तर ते ठोक मानधन आहे, वेतनश्रेणी नाही.

खासगी जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘वुई आर हायरिंग’ असतं. यातला ‘वुई’ कोण? त्याच कागदावर कुठेतरी ‘हायरिंग फॉर अवर क्लायंट’ सापडलं, तर जाहिरात देणारी मधली एजन्सी आहे. एजन्सीकडून जाण्यात गैर काही नाही. जळगाव एमआयडीसीतली, पुण्या-नाशिकची कितीतरी कामं अशीच मिळतात. पण मुलाखतीच्या दिवशी दोन गोष्टी विचारायच्या: नियुक्तीपत्र कुणाच्या नावाने निघेल, आणि पगारपत्रकावर कुणाचं नाव असेल. दोन्हीकडे एजन्सीचंच नाव येणार असेल, तर तुमचा मालक एजन्सी आहे. घरी सांगतानाही तसंच सांगा. मोठ्या कारखान्याचं नाव सांगितलं की पुढे सोयरिकीपर्यंत गैरसमज जातात.

एक व्याकरणाची गोष्ट इथेच सांगतो, कारण अर्जात ती हमखास चुकते. भरतीच्या अर्थाने रिक्रूट आणि हायर यांचं कर्म माणूस असतं, रिक्त जागा कधीच नसते. ‘दे रिक्रूटेड फिफ्टी पोस्ट्स’ चूक. ‘दे फिल्ड फिफ्टी पोस्ट्स’ किंवा ‘दे रिक्रूटेड फिफ्टी पीपल’ बरोबर. मराठीत आपण जागाही भरतो आणि माणसंही भरतो, म्हणून ही चूक होते.

तिसरं पाऊल: नोंदणीला नोकरी समजू नका

रजिस्टर, साइन अप आणि एन्रोल ही तिन्ही नाव घालण्याची क्रियापदं आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही.

साइन अप सगळ्यांत हलकं. मोबाइल नंबर दिला, ओटीपी टाकला, झालं. रजिस्टर म्हणजे अधिकृत दप्तरात नोंद. राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर तुम्ही रजिस्टर होता. तुमची माहिती मालकांना दिसते, तुम्हाला नोंदणी क्रमांक मिळतो. पूर्वी रोजगार विनिमय केंद्रात कार्ड काढून लोक वर्षानुवर्षं नूतनीकरण करत, त्याचंच हे नवं रूप. त्या नोंदणीतून नोकरीचा हक्क तेव्हाही मिळत नव्हता आणि आताही मिळत नाही. केली मात्र जरूर पाहिजे, कारण रोजगार मेळाव्यांची वाट तिथूनच जाते.

एन्रोल यांच्यापेक्षा भारी. यात रोल, म्हणजे नावांचा पट, दडलेला आहे. रोजगार हमीच्या कामावर ‘मस्टर’ म्हणतात त्या मस्टर रोलमधला आणि मतदारयादीच्या इलेक्टोरल रोलमधला रोल तोच. एन्रोल झालात म्हणजे त्या पटावरचे सदस्य झालात आणि सदस्याचे हक्क-बंधनं लागू झाली. विद्यापीठात विद्यार्थी एन्रोल होतो. आधार केंद्रावर मिळणाऱ्या पावतीवर एन्रोलमेंट आयडी असतो. कायद्याची पदवी घेतलेला माणूस महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या पटावर एन्रोल झाल्याशिवाय वकिली करू शकत नाही. ही तरतूद १९६१च्या ॲडव्होकेट्स ॲक्टची आहे. त्या कायद्यात सनदेचं शुल्क ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. बार कौन्सिलांना याहून जास्त शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं. धुळ्या-जळगावच्या विधी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांनी हे दोन आकडे पाठच करावेत.

या तिघांबरोबर येणारे छोटे शब्दही लक्षात ठेवा. परीक्षेसाठी ‘रजिस्टर फॉर’, कार्यालयाकडे ‘रजिस्टर विथ’, पोर्टलवर ‘रजिस्टर ऑन’. अभ्यासक्रमात ‘एन्रोल इन’. मेळाव्यासाठी ‘साइन अप फॉर’. एन्रोलचं स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीत शेवटी एका एलने, अमेरिकन पद्धतीत दोन एलने होतं. दोन्ही बरोबर, एका अर्जात एकच पद्धत ठेवा.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. सरकारी परीक्षेला अर्जशुल्क असतं, ते अधिकृत संकेतस्थळावर भरायचं, त्यात काही वावगं नाही. पण खासगी नोकरीसाठी कुणी ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’, ‘युनिफॉर्मचे पैसे’ एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागत असेल, तर तिथेच थांबा. बापाने कापूस विकून आणलेले पैसे असे गेलेले बघवत नाहीत.

चौथं पाऊल: निवडीच्या पायऱ्या ओळखा

यादीत नाव दिसलं की फोन सुरू होतात. आधी यादी कसली ते बघा. स्क्रीन म्हणजे चाळणी, शॉर्टलिस्ट म्हणजे पुढच्या फेरीसाठी निवडलेली नावं, सिलेक्ट म्हणजे अंतिम निवड, वेटलिस्ट म्हणजे कुणी मागे हटलं तर. ‘प्रोव्हिजनली सिलेक्टेड’ असेल, तर कागदपत्रं आणि वैद्यकीय तपासणी बाकी आहे.

यानंतरचा शब्द आपल्याकडे फार दुर्लक्षिला जातो, तो म्हणजे रेकमेंड. लोकसेवा आयोग उमेदवाराची शिफारस करतो, नियुक्ती शासन देतं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरही उमेदवाराची शाळेकडे शिफारस होते आणि नियुक्तीचा आदेश संस्था किंवा जिल्हा परिषद काढते. शिफारस आणि नियुक्ती यांच्या मधला काळ लांबू शकतो. निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये म्हटलं आहे; त्याच निकालात सरकारला मनमानी करता येणार नाही, योग्य कारण हवं, असंही सांगितलं आहे. म्हणून शिफारस झाली त्या दिवशी हातातलं काम सोडायचं नाही. आदेश हातात येऊ द्या.

एम्पॅनल हा त्याच जातीचा शब्द. पॅनलवर नाव घेतलं. गरज पडली की बोलावतील. वकील, डॉक्टर, प्रशिक्षक यांना हे लागू होतं. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर घेतलेल्या तासांचंच मानधन मिळतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातल्या कितीतरी हुशार मुलामुलींची उमेदीची वर्षं या एका शब्दाखाली जात आहेत. म्हणून ‘ऑन क्लॉक अवर बेसिस’, म्हणजे तासिका तत्त्वावर, हे शब्द दिसले की तासाचा दर, आठवड्याचे तास आणि सत्र कधी संपतं, हे लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

पाचवं पाऊल: पत्रातलं मुख्य वाक्य शोधा

इथे जरा थांबून वाचा, सगळं यावर अवलंबून आहे.

‘वुई आर प्लीज्ड टू ऑफर यू’ असं असेल, तर तो प्रस्ताव आहे. तुमचा होकार लागतो, आणि होकाराची मुदत खाली दिलेली असते. ‘यू आर हियरबाय अपॉइंटेड ॲज’ असेल, तर ती नियुक्ती. ‘ॲज’च्या पुढे पदाचं नाव येतं, आणि ते जाहिरातीतल्या नावाशी जुळतं का ते बघायचं. शिक्षकांच्या बाबतीत तिथे ‘शिक्षण सेवक’ असेल, तर पहिली तीन वर्षं मानधनाची, वेतनश्रेणी त्यानंतर. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मालकाने प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं अशी तरतूद आहे, तेव्हा पत्र मागताना संकोच करू नका.

‘यू आर एंगेज्ड ॲज’ दिसलं की पेन घ्या आणि त्याखाली रेघ मारा. एंगेज हा शब्द चांगला आहे, पण तो पक्क्या नोकरीसाठी क्वचितच वापरला जातो. रेल्वेची जाहिरात ‘एंगेजमेंट ऑफ ॲक्ट अप्रेंटिसेस’ अशीच निघते. मध्य रेल्वेच्या या भरतीत भुसावळ हा स्वतंत्र क्लस्टर असतो, त्यामुळे खान्देशातली आयटीआय झालेली मुलं मोठ्या संख्येने अर्ज करतात. १९६१च्या अप्रेंटिसेस ॲक्टनुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्याला स्टायपेंड (विद्यावेतन) मिळतो, पगार नाही. वर्ष संपलं की संस्थेने नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही. तरीही ही संधी सोडू नका असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण शेवटी मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र कामाचं आहे आणि रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा ठेवलेल्या असतात. फक्त घरी "रेल्वेत लागलो" म्हणू नका, "रेल्वेत शिकायला निघालो" म्हणा. फरक आईवडिलांना आधीच कळला, तर वर्षानंतर मुलगा घरी परतला म्हणून कुणी त्याला नालायक ठरवणार नाही.

डेप्लॉय हे चौथं क्रियापद. ‘यू विल बी डेप्लॉइड ॲट’ आणि पुढे कारखान्याचं, रुग्णालयाचं किंवा वीज केंद्राचं नाव. याचा अर्थ मालक पत्र देणारा ठेकेदार, आणि कामाची जागा दुसऱ्याची. दीपनगरच्या वीज केंद्रात किंवा एखाद्या सरकारी दवाखान्यात रोज जाणारा माणूस तिथला कर्मचारी असेलच असं नाही. कंत्राटी कामगारांच्या १९७०च्या कायद्याने याची व्याख्याच हायर या क्रियापदावर बांधली होती: ठेकेदाराकडून किंवा त्याच्यामार्फत हायर झालेला, मग मूळ मालकाला ते ठाऊक असो वा नसो, तो कंत्राटी कामगार. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, ही तरतूदही त्याच कायद्यात होती. तो कायदा आता २०२०च्या संहितेत सामावला आहे, पण मूळ मालक म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयर ही कल्पना तिथेही आहे. म्हणून प्रिन्सिपल एम्प्लॉयरचं नाव पत्रात आहे का ते बघा, नसेल तर लिहून मागा.

डेप्युट आणि डेप्लॉय यांची सरमिसळ करू नका. डेप्युट म्हणजे मूळ नोकरी कायम ठेवून दुसरीकडे पाठवणं. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणीतली घरं हा शब्द चांगला ओळखतात. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, भुसावळ यंत्र इंडियाकडे. कर्मचारी मात्र केंद्र सरकारचेच राहिले आणि त्यांना नव्या कंपन्यांत ‘डीम्ड डेप्युटेशन’वर असल्याचं मानलं गेलं. एका क्रियापदावर इतक्या घरांची निवृत्ती आणि सेवाशर्ती टांगलेल्या असतात.

सहावं पाऊल: सैन्याची भाषा वेगळी वाचा

धुळ्या-जळगावकडे पहाटे मैदानावर पळणारी पोरं ‘भरती’ म्हणतात, आणि त्यात सगळं येतं. सैन्याच्या कायद्यात मात्र शब्द काटेकोर आहेत. १९५०च्या आर्मी ॲक्टमध्ये कमिशन, अपॉइंटमेंट आणि एन्रोलमेंट असं वेगळं प्रकरणच आहे. अधिकारी कमिशन होतो, जवान एन्रोल होतो. एन्लिस्ट हा त्याच अर्थाचा दुसरा शब्द. इतिहासाच्या पुस्तकांत आणि ब्रिटिश-अमेरिकन बातम्यांत तो जास्त दिसेल. रिक्रूट इथे क्रियापदही आहे आणि नामही: प्रशिक्षण घेणाऱ्या नव्या जवानाला रिक्रूट म्हणतात.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीर चार वर्षांसाठी एन्रोल होतो. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेसाठी निवडून पुन्हा एन्रोल केलं जातं. म्हणजे एकच क्रियापद दोनदा येतं आणि दोन्ही वेळा मुदत वेगळी असते. एन्रोलमेंट फॉर्मवर खोटं उत्तर देणं हा त्याच कायद्यात शिक्षेचा गुन्हा आहे. गावातली किरकोळ पोलीस केस लपवायला सांगणारे ‘अनुभवी’ लोक भेटतात. त्यांचं ऐकू नका.

पलटण नव्याने उभी करायला इंग्रजीत रेज म्हणतात. खान्देशातला याचा दाखला धरणगावचा आहे: १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण तिथे उभी केली. इंग्रजी ग्रंथांत ती ‘रेज्ड’ अशीच सापडते. स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात हा शब्द आला तर ‘उचलली’ असा अर्थ लावू नका.

सक्तीने भरती करणं म्हणजे कन्स्क्रिप्ट. अमेरिकेत त्यालाच ड्राफ्ट म्हणत, आणि तिथली ती सक्ती १९७३ला संपली. भारतात सक्तीची भरती नाही. क्रिकेटच्या बातम्यांत संघ खेळाडूला साइन करतो, रिटेन करतो, रिलीज करतो. ती करारांची भाषा आहे आणि बातम्या वाचूनच अंगवळणी पडते.

सातवं पाऊल: परगावी, परराज्यात, परदेशी जाताना

रिक्रूटचा मुकादमी अर्थ इथे पुन्हा समोर येतो. सुरतेला किंवा बारडोलीकडे जाणाऱ्या मजुरांच्या बाबतीत १९७९च्या कायद्याने ‘एका राज्यात ठेकेदारामार्फत रिक्रूट झालेला’ असेच शब्द वापरले होते. भरतीसाठी केलेला करार किंवा इतर ठरावही त्यात रिक्रूटमेंटच्या व्याख्येत येत होता. उचलीची रक्कम, कापायचा दर आणि परतीचं भाडं कुणी द्यायचं, हे साध्या कागदावर का होईना लिहून घ्या.

आखातात जायचं असेल, तर १९८३च्या एमिग्रेशन ॲक्टखाली नोंदणी झालेल्या रिक्रूटिंग एजंटकडूनच जा. त्याचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो, पावतीसह. गावात येऊन पासपोर्ट गोळा करणारा माणूस स्वतःला ‘सब-एजंट’ म्हणवत असेल, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.

आठवं पाऊल: रुजू झाल्यावरचे शब्द

जॉइन, रिपोर्ट, इंडक्ट, ऑनबोर्ड: हे पहिल्या आठवड्याचे. ‘रिपोर्ट टू’च्या पुढे ज्याचं नाव, तो तुमचा साहेब. पुढे प्रोबेशन (चाचणीचा काळ) येतं, आणि ते संपल्यावर कन्फर्म, म्हणजे नोकरी पक्की. कन्फर्म आपोआप होतं असं धरून चालू नका, पत्र मागा.

ॲब्सॉर्ब आणि रेग्युलराइज हे कंत्राटी माणसाच्या आशेचे शब्द आहेत. ॲब्सॉर्ब म्हणजे सामावून घेणं, रेग्युलराइज म्हणजे सेवा नियमित करणं. एप्रिल २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात सांगितलं की रीतसर भरतीशिवाय घेतलेल्या तात्पुरत्या माणसाला केवळ वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. मंजूर पदांवर दहा वर्षं काढलेल्यांसाठी त्या निकालात एकदाच करायची सवलत होती. "दोन वर्षं काढ, परमनंट होशील" असं तोंडी आश्वासन देणाऱ्याला हे माहीत असतं, तुम्हालाही माहीत असू द्या.

नववं पाऊल: हीच क्रियापदं स्वतः वापरा

मराठीतून विचार करताना "मी जॉइन झालो" म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘आय ॲम जॉइन्ड’ असं निघून जातं. बरोबर वाक्य ‘आय जॉइन्ड द कंपनी इन जून’. जॉइनच्या पुढे ‘टू’ लागत नाही. अर्ज कंपनीकडे ‘ॲप्लाय टू’, पदासाठी ‘ॲप्लाय फॉर’. स्वतःची निवड सांगताना ‘आय वॉज सिलेक्टेड’, ‘आय वॉज अपॉइंटेड ॲज’, ‘आय वॉज एंगेज्ड ॲज ॲन अप्रेंटिस’. दुसऱ्याने केलेली कृती आहे म्हणून ‘वॉज’ हवंच. अप्रेंटिसशिपला बायोडेटात ‘एम्प्लॉइड’ लिहू नका, तपासणीत ते खोटं ठरू शकतं.

एम्प्लॉयर आणि एम्प्लॉयी यांत गोंधळ होत असेल, तर शेवटच्या आवाजाकडे लक्ष द्या: ‘अर’वाला देणारा, ‘ई’वाला घेणारा. ट्रेनर-ट्रेनी, इंटरव्ह्यूअर-इंटरव्ह्यूई, सगळे तसेच. बोलताना या घेणाऱ्याच्या शब्दांत जोर शेवटच्या ‘ई’वर येतो. हायर हा शब्द ‘अधिक उंच’ या अर्थाच्या हायरसारखाच ऐकू येतो. स्पेलिंग वेगळं आहे, फोनवर ऐकलेलं लिहून घेताना काळजी घ्या.

पत्रात काही अडलं, तर एचआरला (कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला) विचारणं हा तुमचा हक्क आहे आणि सभ्य शब्दांत विचारल्याने सहसा कुणी नोकरी काढून घेत नाही. ईमेलमध्ये एवढं पुरतं: ‘डिअर सर ऑर मॅडम, थँक यू फॉर द लेटर. काइंडली कन्फर्म द नेम ऑफ माय एम्प्लॉयर, द पिरियड ऑफ एंगेजमेंट, अँड हूज नेम विल अपिअर ऑन माय सॅलरी स्लिप.’ उत्तर ईमेलनेच मागा. आलं की त्याची आणि सही केलेल्या पत्राच्या प्रत्येक पानाची प्रत घरी ठेवा, मूळ प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आणि पहिल्या पगारानंतर पीएफचा यूएएन नंबर त्याच फाइलवर लिहून टाका.